अबोल वडिलांना माया दाखवताना

सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहणारी मराठी घरं बरीचशी खानदेशातली. 1900 च्या सुमारास सुरू झालेली ताप्ती व्हॅलीची रेल्वे जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर असं करत उधन्याला येते. याच रुळांवरून माणसं लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खात्यांत, डाइंगच्या मिलांत, हिऱ्यांच्या कारखान्यांत कामाला आली आणि इथलीच झाली. या घरांतले आता साठी-सत्तरीला आलेले वडील अनेकदा एकाच घडणीचे असतात. घरात कधी काही कमी पडू दिलं नाही, शाळेची फी वेळेवर भरली, मुलीच्या लग्नात हात आखडता घेतला नाही. पण जवळ बसवून दोन शब्द मायेने बोलल्याचं मुलांना आठवत नाही.

मुलं आता स्वतः तिशी-चाळिशीत आहेत. त्यांना वाटतं, आपल्याला यांच्याबद्दल काय वाटतं ते यांना एकदा कळावं. पण मिठी मारायला जावं तर ते खांबासारखे ताठ होतात आणि काही बोलायला जावं तर टीव्हीचा आवाज वाढतो. अशा वेळी काय करता येतं, ते आपण क्रमाने पाहू.

एक गोष्ट आधीच सांगतो. अशा माणसाकडून काही वदवून घ्यायचा खटाटोप करू नये. त्यांच्या अंगवळणी पडलेले जे रिवाज, जी कामं, ज्या वेळा आहेत, त्यांतूनच आपली माया थोडी थोडी, नेमाने पोचवावी. परतफेडीचा हिशोब मांडू नये. बाकी सगळा तपशील आहे, पण गाडी अडते ती तपशिलातच.

सुरुवात करताना हे असे का झाले असतील, याचा विचार करा. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी 1978 साली आलेल्या 'द इनर वर्ल्ड' या पुस्तकात भारतीय एकत्र कुटुंबातल्या एका जुन्या दंडकाकडे लक्ष वेधलं आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःच्या मुलाचे लाड करायचे नाहीत. घरात पाच पोरं असताना आपल्याच पोराला मांडीवर घेणं म्हणजे आपपरभाव. आपले वडील अशा घरात वाढले असतील तर त्यांच्या लेखी माया न दाखवणं हा चांगुलपणाच होता.

त्यात लूमची पाळी. खातं चोवीस तास चालतं, पाळी बारा तासांची. दिवसपाळीत वडील घरी येऊन जेवेपर्यंत पोरं पेंगलेली, रात्रपाळीत पोरं खेळताहेत आणि वडील कोपऱ्यात चादर ओढून झोपलेले. 'हळू बोला, पप्पा झोपलेत' हे वाक्य ऐकत किती मुलं मोठी झाली असतील! ज्या वर्षांत बाप-लेकरांच्या गप्पांची सवय लागते, ती वर्षं अशीच निघून गेली.

वर दिसतं तेवढंच आत असतं, असंही नाही. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी तान्ह्या मुलांवर एक प्रसिद्ध प्रयोग केला. अनोळखी खोलीत आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते, तेव्हा मूल कसं वागतं ते पाहायचं. काही मुलं आई गेली तरी शांत खेळत राहिली, ती आल्यावरही तिच्याकडे पाहीनात. पुढे इतर संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले. मूल निवांत नव्हतं, ते दाखवत नव्हतं. मोठ्या माणसांना हे जसंच्या तसं लावू नये, पण चेहऱ्यावरून निष्कर्ष काढण्याआधी थांबावं, इतकं त्यातून घेण्यासारखं आहे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सुरतेत तर ती गाळूच नये. वडिलांचे कान तपासून घ्या.

धोट्याच्या लूमचा खडखडाट 90 डेसिबलच्या वर सहज जातो. डेसिबल म्हणजे आवाजाची तीव्रता मोजायचं माप. आपल्याकडे कारखान्यांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे ती आठ तासांसाठी, आणि इथे पाळी बाराची. वर्षानुवर्षं अशा आवाजात राहिलं की कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते बारीक, उंच स्वर. त्यामुळे स, श, फ, त यांसारखी अक्षरं निसटतात. कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते लागत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज तर अधिकच निसटतात.

असा माणूस चारचौघांत काय करतो? चूक उत्तर देऊन हसं होण्यापेक्षा गप्प बसतो, नाहीतर सगळ्याला 'हं' म्हणतो. आपण समजतो, यांना आपल्यात रसच नाही. टीव्ही मोठ्याने लावणं, फोन टाळणं, लग्नकार्यात कडेला खुर्ची टाकून बसणं ही लक्षणं दिसत असतील तर तपासणी करून टाका. मजुरा गेटच्या नव्या सिव्हिल रुग्णालयात आणि महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे. ऑडिओमेट्री म्हणजे श्रवणचाचणी: कानाला हेडफोन लावून बारीक-मोठे आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. सुई नाही, दुखणं नाही. 'तुम्हाला ऐकू येत नाही' असं म्हणून मात्र नेऊ नका. 'लूमवर काम केलेल्या सगळ्यांनीच एकदा करून घ्यायची असते' म्हणा. ते खोटंही नाही.

कानाला यंत्र लागलं किंवा नाही लागलं, तरी बोलताना समोर या, उजेडात या, टीव्ही बंद करा, आणि आवाज चढवण्याऐवजी वाक्य सावकाश म्हणा. ओरडलं की शब्द आणखी फाटतात, आणि ओरडून मायेचं काही बोलता येत नाही, ही दुसरी अडचण.

कान झाले की लगेच कामाला लागू नका. आठवडाभर नुसतं पाहा. अबोल माणूसही दिवसभरात कितीतरी वेळा आपल्याकडे हात पुढे करत असतो. जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांच्या वागण्याचा अभ्यास करताना अशा छोट्या पुढाकारांना 'बिड' म्हटलं. बिड म्हणजे 'माझ्याकडे जरा लक्ष दे' अशी न बोलता केलेली मागणी. ती ओळखून साद देणं हा नात्याचा मोठा आधार असतो, असं त्याचं म्हणणं. 'गाडीत हवा कमी दिसतेय.' 'हे बघ, उकाई धरणाचं पाणी सोडलं म्हणतात.' 'पोचल्यावर फोन कर.' टीव्हीवरच्या बातमीकडे केलेली नुसती खूणसुद्धा यातच धरा.

या खुणांना आपण काय उत्तर देतो तेही पाहा. 'हो, भरतो नंतर' म्हणत मोबाईलमधून मान वर काढली नसेल, तर तिथेच सुधारायला जागा आहे. हवा कमी म्हणाले ना, मग 'चला, दाखवा कुठलं चाक ते' म्हणून त्यांच्याबरोबर खाली उतरा. टायरपाशी दोघं वाकून उभे राहाल, ते दाबून दाखवतील, पंपावर जा म्हणतील. त्या दोन मिनिटांत मायेची देवाणघेवाण होऊन जाते आणि कुणालाच अवघडायला होत नाही.

आता देणं आलं. पण त्याआधी घेणं जमलं पाहिजे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वडील चंदनी पडव्याला घारी ही तुपातली मिठाई आणतात. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत घारीच्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि ते त्या रांगेत उभे राहिलेले असतात. आपण म्हणतो, 'पप्पा, एवढं तूप, मी डाएटवर आहे.' त्यांनी बोलून नाही, रांगेत उभं राहून काहीतरी सांगितलं होतं आणि ते आपण परत केलं. एक तुकडा त्यांच्यासमोर खा. नाश्त्याला खाल्लेल्या लोच्याचे पैसे त्यांनी काढले तर काढू द्या. आपला पगार त्यांच्या सगळ्या आयुष्याच्या कमाईपेक्षा मोठा असला, तरी दर वेळी पाकीट आपणच काढलं की त्यांचा माया करायचा उरलासुरला मार्गही बंद होतो.

देताना एकच लहान गोष्ट निवडा आणि ती नेमाने करा. संध्याकाळचा चहा त्यांच्याबरोबर, किंवा रविवारी बाजारात त्यांच्यासोबत. समोरासमोर बसून गप्पा मारायचा बेत फसतो, कारण नजरेला नजर मिळाली की अशी माणसं मिटतात. शेजारी शेजारी बसून किंवा हाताला काम असताना जीभ सैल सुटते: मेथी निवडताना, पंखा पुसताना, गाडीवर मागे बसलेले असताना. वेळही पाहा. जे अजून खात्यात जातात, त्यांना पाळीवरून आल्याबरोबर गाठू नका. कानातला लूम बंद व्हायला तासभर तरी जातो.

विचारायचं काय? 'तुम्हाला कसं वाटतं' हा प्रश्न त्यांच्या उपयोगाचा नाही. त्यांना ज्यातलं कळतं ते विचारा. थंडीत पोंक आला की त्यांना घेऊन जा. हा ज्वारीचाच कोवळा दाणा, आपला हुरडा. गावाकडे तो कसा भाजायचे, कणसं कुठल्या शेतातली, आगटीला गोवऱ्या किती, हे विचारा. खानदेशातला शेतकऱ्याचा मुलगा या विषयावर गप्प बसत नाही. किंवा 1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने शहर रिकामं होऊ लागलं तेव्हा ते गावी गेले की इथेच राहिले, स्टेशनवर काय गर्दी होती, परत कधी आले. घटना विचारली की भावना मागून येते. आली नाही तरी गोष्ट तर मिळते. त्या काळात घरातलं कुणी गेलं असेल, तर मात्र हा विषय आपण होऊन काढू नका.

शब्दांत सांगायचं असेल तर थोडक्यात आणि नेमकं सांगा. 'तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत' हे वाक्य निरोपसमारंभातलं वाटतं, त्याला उत्तरही देता येत नाही. त्याऐवजी, '2006 च्या पुरात तुम्ही धान्याचे डबे आणि माझी दहावीची पुस्तकं आधी माळ्यावर टाकलीत, ते मला आठवतं.' एवढंच. वाक्य संपलं की लगेच दुसऱ्या विषयावर जा, चहात साखर कमी आहे म्हणा. त्यांना उत्तर द्यायची वेळ येऊ देऊ नका. वाक्य त्यांच्याजवळ राहतं, रात्री आईजवळ त्याचा उल्लेखही होतो. मुलांना हे बहुधा आईकडूनच कळतं.

आणखी एक जुनी युक्ती आहे. त्यांच्या कानावर पडेल असं त्यांच्याबद्दल दुसऱ्याजवळ चांगलं बोलायचं. कानबाईच्या रोटांना भाऊबंद जमले असताना काकांना सांगा, 'हिशोबाची सवय मला पप्पांनी लावली.' वडील मान दुसरीकडे वळवतील. ऐकलेलं असतं.

आपण पुण्याला किंवा परदेशात असाल तर फोनचा घोळ ठरलेला. 'कसा आहेस? बरा. आईला देतो.' यावर साधा उपाय आहे: आईच्या नव्हे, त्यांच्या फोनवर फोन करा, आणि काम काढून करा. 'मिक्सर गरम होऊन वास येतोय, काय झालं असेल?' काम असलं की ते थांबतात. व्हिडिओ कॉलवर अनेकांना स्वतःचाच चेहरा पाहून अवघडल्यासारखं होतं, त्याचा आग्रह धरू नका. आवाजी निरोप पाठवलात तर ते तो पुन्हा पुन्हा ऐकू शकतात, आणि कमी ऐकू येत असेल तर हे फारच सोयीचं.

स्पर्श सगळ्यात शेवटी, कारण तिथे घाई केली की सगळं बिघडतं. मिठी आपल्या घरांत नवीन आहे, पण स्पर्श नवीन नाही. परवानगी असलेले स्पर्श आपल्याकडे भरपूर आहेत, आपण ते उरकून टाकतो एवढंच. दसऱ्याला आपट्याचं पान हातात ठेवतो, तेव्हा पान देऊन दोन्ही हातांनी त्यांचा हात क्षणभर धरता येतो. वाकून नमस्कार करताना गुडघ्याला हवेतून हात लावण्याऐवजी पावलांना नीट हात लावता येतो. दिवाळीच्या पाडव्याला लेकीने वडिलांना ओवाळायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींनी तर हे हक्काने करावं.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाची संधी मुलग्यांनी सोडू नये. 'आज पाठीला तेल मी लावतो' म्हणा, विचारू नका. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे पाठ, खांदे, हात इथे, काही विशिष्ट मज्जातंतू असतात. त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. ते हळुवार, संथ स्पर्शालाच नीट प्रतिसाद देतात: सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर, त्यातही तीनेक सेंटिमीटरच्या वेगाने हात फिरला तर सर्वात जास्त. हा संदेश मेंदूच्या ज्या भागात जातो, तो सुखद-असुखद वाटण्याशी जोडलेला आहे. म्हणून तेल खसाखसा रगडून मोकळं होऊ नका. तेल कोमट करा, तळहातावर घ्या, मानेपासून कमरेपर्यंत हात सावकाश न्या. बोलू नका. पाठ आपल्याकडे असल्यामुळे त्यांना चेहरा सांभाळावा लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

मग प्रतिसाद. इथे सर्वांत जास्त लोक खचतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. आपण शर्ट आणला, तर पहिला प्रश्न 'किती पडले?', दुसरा 'कशाला आणलास, आहेत की ढीगभर'. हा नकार समजू नका. किंमत खरी सांगा, शर्ट कपाटात ठेवा आणि विषय सोडा. पुढच्या लग्नकार्यात तो अंगात दिसला तर समजून घ्या, आणि 'अरे वा, माझा शर्ट!' असं सगळ्यांसमोर ओरडू नका. एखाद्या दिवशी ते आपण होऊन खांद्यावर हात ठेवतील, तेव्हाही तेच. काही घडलंच नाही असं दाखवून हातातलं काम चालू ठेवा. अशा वेळी डोळ्यांत पाणी आणून 'पप्पा!' म्हणणाऱ्या मुलांनी वर्षाची मेहनत एका मिनिटात घालवलेली असते.

बिघडायच्या बाकी जागाही ठरलेल्याच आहेत. 'तुम्ही मला कधी जवळ घेतलं नाहीत' ही तक्रार खरी असली तरी तिच्याने माया सुरू करता येत नाही. फादर्स डेला जुना फोटो स्टेटसला टाकला आणि घरी त्यांच्याशी बोललोच नाही, हे तर नेहमीचं. नातवंडांना 'जा, आजोबांना पापी दे' म्हणून ढकलू नका. नातवंडं स्वतः जातात तेव्हा हेच आजोबा घोडाही होतात, आणि ते पाहून आपल्याला थोडं लागतं. ते साहजिक आहे. पण ते बोलून दाखवायची जागा वडिलांसमोर नाही.

आई अबोल असेल तर क्रम हाच, फक्त अडचण वेगळी. ती घेतच नाही. तिचं ताट वाढायला गेलं की ती उठते. तिला 'बस' म्हणून भागत नाही, तिचं काम आधीच उरकलेलं असावं लागतं. सकाळी उठण्याआधी भांडी लावून ठेवा, कणीक मळून ठेवा, आणि तिने त्यात काढलेल्या चुका ऐकून घ्या.

दोन ठिकाणी मात्र हा लेख बाजूला ठेवा. मारहाण, छळ, दारूचा त्रास सोसून जी मुलं मोठी झाली, त्यांच्यावर माया दाखवायची कसलीही सक्ती नाही. आणि बोलके वडील अलीकडेच गप्प झाले असतील, जेवण कमी, झोप उडालेली, आवडीच्या गोष्टीत मन नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते स्वभावाचं नाही. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे आणि तिथे मराठी, गुजराती दोन्हीत बोलता येतं.

इतकं वाचूनही सुरुवात कुठून करावी ते ठरत नसेल, तर सुरतेत राहणाऱ्यांसाठी उत्तरायण सगळ्यात सोपं. 14 जानेवारीला तिळगूळ देऊन पाया पडणं झालं की गच्चीवर जा आणि पतंग त्यांच्या हातात देऊन फिरकी आपण धरा. लहानपणी बहुधा उलटं असायचं. फिरकी धरणाऱ्याला त्यांच्या मागे दीड हातावर उभं राहावं लागतं, दोघांची नजर आभाळाकडे असते, आणि 'ढील दे', 'खेच', 'गुंडाळ' एवढ्या तीन-चार शब्दांत तास जातो. 15 तारखेला वासी उत्तरायण, म्हणजे दुसरा दिवसही हाताशी आहे. मांजा आणायला मात्र त्यांनाच बरोबर न्या. नायलॉनच्या मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे. सुती मांजा कुठला चांगला, तो बोटावर कसा घासून पाहायचा, हे त्यांना आपल्यापेक्षा नक्की जास्त कळतं.